आत बल्ब बसवतो म्हणे!

आज सकाळी एक पोरगा घरी आला. दारात बूट काढले, पाया पडला, चहा घेतला. सगळं रीतसर. मग कोपऱ्यातल्या आजोबांच्या कॅमेऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "काका, कॅफेसाठी पाहिजे. लेन्स हवी तर तुम्हीच ठेवा. भात्यात एलईडी बसवला की कसला भारी दिसेल ओ!"

मी म्हटलं, चहा संपव. पुढचं तुम्हाला कळलं असेलच, तुम्ही मला ओळखता.

ज्यांनी तो बघितला नाही त्यांच्यासाठी. हाफ प्लेट कॅमेरा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची निगेटिव्ह. केरळातल्या आलेप्पीत बनलेला वागीश्वरी. सागवानी पेटी, पितळी पट्ट्या, मधे घड्या-घड्यांचा भाता. लेन्स विलायती. शटर नाही, लेन्सचं टोपण काढायचं, आकडे मोजायचे, टोपण लावायचं. मागे घासलेली काच. तिच्यावर समोरचा माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. लहानपणी मला वाटायचं आजोबा लोकांना शीर्षासन घालायला लावतात.

1971 असेल, मी नऊ वर्षांचा. स्टुडिओच्या छपराला उत्तरेकडून काचा होत्या. चेहऱ्यावर उजेड परतावा म्हणून सावलीच्या बाजूला पांढरं धोतर ताणून धरायचं, हे माझं काम. कपिलतीर्थ मंडईतली एक भाजीवाली आली. नवरा गेला तेव्हा भिंतीवर लावायला त्याचा एकही फोटो सापडला नव्हता. "माझं तसं नको व्हायला. जित्ती हाय तवर काढून ठेवा." आजोबा काळ्या फडक्यात शिरले, बाहेर आले, टोपण लावलं, काचेची निगेटिव्ह, म्हणजे प्लेट, जिच्यात असते ती स्लाइड सरकवली, तिचं झाकण ओढलं आणि कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभे राहिले. टोपण काढलं. एक. तेवढ्यात तिच्या गालावर माशी बसली. दोन. बाई ढिम्म. तीन. पापणीसुद्धा लवली नाही. टोपण लागल्यावर मात्र तिनं त्या माशीला अशी शिवी हासडली की माझ्या हातातलं धोतर सुटलं.

आता एक बघा. फोटो निघाला तेव्हा आजोबा कॅमेऱ्यामागे नव्हतेच. प्लेट आत गेली की काचेवर काही दिसत नाही, मागे थांबून करायचं काय? ते बाजूला उभे होते, हातात टोपण, नजर तिच्याकडे. आणि ती त्यांच्याकडे बघत होती, यंत्राकडे नाही. दोन माणसं तीन सेकंद एकमेकांकडे बघत गप्प. आज सांगा, कोण कुणाकडे असं बघतं? प्री-वेडिंगला हाच कॅमेरा तास-दोन तास भाड्यानं मागणारेही येऊन गेलेत. नवरी काळ्या फडक्यात डोकं घालणार आणि नवरदेव बोट दाखवून हसणार. प्लेट नाही, फिल्म नाही, टोपण काढायची अक्कल नाही. आणि त्या सगळ्याचे फोटो दुसऱ्याच कॅमेऱ्यानं, चारशे!

आणि हे कुठं? कोल्हापुरात! बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतःच्या हिकमतीनं सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या गावात. त्या काळी इथली माणसं लोखंड-पितळ घासून कॅमेरा तयार करत होती, आता आम्ही तयार कॅमेऱ्याचा टेबललॅम्प करणार. वा रे गाव.

बरं, मान्य. गेल्या दिवाळीपासून मीही त्यात फिल्म घातलेली नाही. आणि पावसाळ्यात बायको त्याच्यावर टॉवेल वाळत घालते, हेही खरं. शोपीस तर माझ्या घरातही झालाय.

पण चालतो तो! काचेच्या प्लेटा मिळत नाहीत म्हणून मी एक्स-रेची फिल्म वापरतो. आठ बाय दहाच्या एका शीटमधून दोन तुकडे निघतात. स्लाइडची खाच काचेच्या जाडीची, त्यात फिल्म डुगडुगते, म्हणून मागे पुठ्ठा घालायचा. दोन्ही बाजूंनी इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, नख लागलं की ओरखडा. धुवायची लाल दिव्यात, कारण तिला लाल रंग दिसतच नाही. त्यामुळं बायकोचं कुंकू काळंभोर आलं, ओठ काळे, सुरकुत्या दुप्पट. "म्हातारी केलीस मला," म्हणाली, आणि तोच फोटो बहिणीला पाठवला. तर सांगायचं काय, या कॅमेऱ्याला दिवा लागतो तो एकच, आणि तो लाल. आत बसवायचा नसतो.

माशीचं राहिलं. निगेटिव्हवर माशी म्हणजे एक पारदर्शक ठिपका. त्यावर टोकदार पेन्सिल फिरवली की छापात गायब. रिटचिंगमध्ये आजोबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्यांनी आधी तिला कच्चा छाप दाखवला. तिनं तो लांब धरून बघितला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे की मास्तर, तेवढीच सोबत." माशी राहिली. त्या घरात पुढं कित्येक वर्षं तो फोटो हारासकट होता, माशीसकट. मागच्या वर्षी तिची नात फोटो मोठा करून घ्यायला आली होती. मी स्कॅन दिला. तिनं इथंच बसून मोबाईलवर बोट फिरवलं, माशी गेली. "आता क्लीन झाला, काका." मी काही बोललो नाही. तिची आजी, तिचा फोटो. प्लेट माझ्याकडे आहे.

सकाळच्या पोराला जरा जास्तच बोललो का? जाताना त्यानं विचारलं होतं, "आतून बघू का एकदा?" मी रागात होतो, म्हटलं नंतर. हे वाईट झालं. फडक्यात डोकं घालायला मागणाऱ्याला आजोबांनी कधी नाही म्हटलं नव्हतं.

हे टाइप करतोय तोवर त्याचाच मेसेज आला, "काका, लेन्ससकट किती?"

मी लिहिलंय: रविवारी नऊला ये. उत्तरेच्या खिडकीत बसायचं, तीन आकडे होईपर्यंत हलायचं नाही. फिल्मचे पैसे मी घालतो.

निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही अजून.