‘काढूनच टाका’ म्हणण्याआधी

सांगलीत कुणाच्या बायॉप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, की नातेवाईक दोन दिवसांत निकाल देऊन मोकळे होतात : कॅन्सर आहे ना, मग काढूनच टाका, वाट कसली बघताय? रिपोर्ट कुणी धड वाचलेला नसतो. इथे ब्रिटनमध्ये बसून फोनवर हे ऐकताना संताप होतो.

आधी रिपोर्टमधली ग्लीसनची ओळ बघा, म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा. ३+३=६, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) १० च्या आत आणि गाठ प्रोस्टेटच्या आतच असेल, तर इथली स्पेशालिस्ट नर्स पहिल्यांदा ‘लक्ष ठेवू’ हेच सुचवते. ४+३ किंवा त्याहून वर असेल, तर मात्र उपचार घ्या. वैद्याच्या पुड्यांवर सहा महिने घालवू नका.

इथल्या प्रोटेक्ट अभ्यासात १,६४३ पुरुष चिठ्ठ्या टाकल्यासारखे देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन अशा तीन गटांत वाटले होते. १५ वर्षांचा निकाल २०२३ मध्ये आला. प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत २.२ ते ३.१ टक्केच. देखरेखीत कॅन्सर पसरण्याचं प्रमाण मात्र दुप्पट होतं, ऑपरेशनच्या ४.७ टक्क्यांसमोर ९.४. हे लपवू नये. पण त्या देखरेखीत एमआरआय नव्हता, भर पीएसएवर होता. आणि ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष लघवीसाठी पॅड वापरत होते, सहा वर्षांनीही १७ टक्के. हा आकडा ‘काढूनच टाका’ म्हणणारा कुणी सांगत नाही.

लक्ष ठेवणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी पीएसए, शक्यतो एकाच लॅबमध्ये. वर्ष-दीड वर्षात एमआरआय. पुढे पीएसए सहा महिन्यांनी. लघवीचं इन्फेक्शन झालं असेल तर पीएसए करायला सहा आठवडे थांबा. तपासणीच्या आधीचे दोन दिवस सायकल नको. सगळ्यात मोठी फसगत गोळीत असते : लघवी अडते म्हणून टॅम्सुलोसिनच्या जोडीला दिलेली फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिन्यांत पीएसए निम्म्यावर आणते. ३ आला तर ६ धरायचा. घरचे ‘उतरला’ म्हणून निर्धास्त होतात.

इथे तारीख जवळ आली की पत्र येतं. सांगलीत ती तारीख घरातल्याच कुणीतरी लक्षात ठेवायची असते, आणि ते कुणीतरी आम्ही नसतो. विश्रामबागेतल्या लॅबमध्ये भाऊ थांबतो, फाइल घेऊन मिरजेला वहिनी जाते. ‘काढूनच टाका’च्या मागे दर तीन महिन्यांची ती धास्ती असते, आणि आम्ही तिला अडाणीपणा म्हणतो. आम्ही सुचवलेली देखरेख दुसऱ्याच्याच अंगावर पडते.

एवढं तरी करा : बायॉप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड लॅबमधून मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, कारण ३+३ की ३+४ यावर तज्ज्ञांचंही नेहमी एकमत होत नाही. त्याचे पैसे आम्ही इथून पाठवू शकतो. सकाळी सातला लॅबच्या बाकावर वडिलांशेजारी बसणं आम्हाला जमत नाही.