उंच गाडी म्हणजे ऐसपैस गाडी? मोजून पाहा

‘सेडानपेक्षा एसयूव्ही केव्हाही ऐसपैस. खड्डे जाणवत नाहीत, डिकी मोठी, आणि वेळ पडली तर सात जण आरामात बसतात.’ असा मजकूर सर्रास फिरतो आणि त्यावर विसंबून लोक गाडी बुक करतात. वर्षानुवर्षं त्यात बसायचं असतं घरच्यांना, म्हणून हे दावे नीट तपासायला हवेत.

आधी जागेचं. बाहेरून दिसणारी सगळी उंची आत बसणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. काही ग्राउंड क्लिअरन्समध्ये, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतल्या अंतरात जाते. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्याच्या गाडीत बॉडी त्या सांगाड्यावर (चासीवर) बसवलेली असते, म्हणजे टप जसा वर तसा फ्लोअरही वर. डोक्यावर थोडी मोकळीक मिळते, हे मान्य. पण पाय ठेवायची जागा उंचीतून येत नाही. ती ठरते व्हीलबेसवर (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) आणि सीट कशी बसवली आहे त्यावर. टोयोटाची २०१८ मॉडेलची कॅमरी ही सेडान आणि २०१९ मॉडेलची आरएव्ही-४ ही एसयूव्ही एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एकाच मूळ ढाच्यावर बनल्या. व्हीलबेस अनुक्रमे २८२५ आणि २६९० मिमी, आणि मागची लेगरूम जवळजवळ सारखीच, ३८ इंचांच्या आसपास. एसयूव्ही माणसाला खुर्चीवर बसवल्यासारखं ताठ बसवते, म्हणून कमी लांबीत भागतं. रचना हुशारीची आहे, पण तिला ‘जास्त जागा’ म्हणता येत नाही.

ब्रोशरमध्ये न येणारी गोष्ट म्हणजे मांडीखालचा आधार. फ्लोअर उंच आणि सीट खाली असली की गुडघे वर येतात, मांडी गादीवरून सुटते आणि सगळा भार माकडहाडाच्या आसपास येतो. दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कळत नाही, दोन तासांनी कंबर सांगते. उतरत्या टपाच्या सेडानमध्येही डोक्याला जागा मिळावी म्हणून मागची सीट खाली बसवतात, तिथेही हाच त्रास होतो. मागे तिघे बसणार असतील तर खांद्यापाशी गाडीची आतली रुंदी किती आणि पायांशी फ्लोअरचा मधला उंचवटा (बोगदा) किती उंच, एवढंच पाहायचं. एसयूव्ही की सेडान याच्याशी त्याचा संबंध नाही.

सात सीटांचा दावा तर बहुतेक गाड्यांत कागदावरच राहतो. तिसऱ्या रांगेखाली मागचं सस्पेन्शन आलं की फ्लोअर तिथे वर उचलावा लागतो. मोठ्या माणसाचे गुडघे छातीकडे येतात. शिवाय ती रांग उभी केली की डिकीत दोन-तीन बॅगांपुरतीच फट उरते. म्हणजे सात माणसं किंवा त्यांचं सामान, दोन्ही एकदम नाही.

आता खड्डे. रस्ता फारच उखडलेला असेल तर एसयूव्हीची बाजू बळकट आहे: गाडीचं पोट घासत नाही. एरवी मात्र गुरुत्वमध्य वर असल्यानं गाडी झुकू नये म्हणून स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार कडक ठेवावे लागतात. हा बार डावं-उजवं चाक जोडतो. एक चाक खड्ड्यात गेलं की झटका दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि डोकं डावीकडून उजवीकडे हलतं. त्यात बसणारा उंचावर. गाडी ३ अंश कलली आणि डोकं रोल अक्षापासून (ज्या रेषेभोवती गाडी डावी-उजवीकडे कलते ती) १ मीटर वर असलं, तर ते सुमारे ५२ मिमी सरकतं; ०.७ मीटरवर असलं तर ३७. गाडी लागणाऱ्यांना हा फरक चांगलाच जाणवतो.

मोठ्या टायरचंही तसंच. साइडवॉल म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची; ती जास्त तर झटका जास्त गिळला जातो. २०५/५५ आर१६ टायरची (रुंदी २०५ मिमी, साइडवॉल तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) साइडवॉल ११३ मिमी, २३५/५५ आर१८ ची १२९. फायदा आहेच, पण चाक जड झाल्यानं सस्पेन्शनला ते आवरायला जास्त कष्ट पडतात. वरच्या व्हेरिएंटला २३५/५० आर१९ लावले की साइडवॉल ११८ वर येते आणि बराचसा फायदा तिथेच संपतो.

डिकीच्या लिटरचे आकडे थेट ताडून पाहू नका. एक आकडा पार्सल ट्रेपर्यंतचा (मागच्या सीटमागच्या फळीपर्यंतचा) असतो, दुसरा टपापर्यंतचा. सीटच्या पाठीपेक्षा वर रचलेलं सामान जोरात ब्रेक लागला की पुढे येतं, आणि मागची काच झाकते ती वेगळीच. सेडानचा खरा दोष आहे तिच्या डिकीचं अरुंद तोंड. मोठं खोकं आत जातच नाही, आणि बाकदार बिजागरी झाकण लावताना बॅगांवर येते. पण तिची डिकी केबिनपासून वेगळी असल्यानं मागच्या टायरांचा घूं-घूं आवाज आत कमी येतो.

चढण्या-उतरण्यात एसयूव्ही जिंकते, पण सीट कमरेच्या उंचीला असेल तरच. गुडघेदुखीच्या माणसाला खोल सेडानमधून उठणं जड जातं, आणि फूटबोर्डवर पाय देऊन चढावं लागणारी गाडी त्याहून जड.

शोरूममध्ये पुढची सीट आपल्या बसण्याप्रमाणे लावा आणि तशीच ठेवून तिच्या मागे बसा. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांत मूठ मावते का, पावलं सीटखाली जातात का, मांडीची पुढची बाजू गादीला टेकते का, हे पाहा. सनरूफचं मॉडेल घेणार असाल तर त्याच मॉडेलमध्ये बसा; डोक्यावरची २ ते ४ सेंमी जागा तिथे जाते.