नोकरीत अपंगत्व आलं म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेऊ नका: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कार्यालय तुम्हाला ठेवू शकत नाही, तेव्हा मानाने स्वेच्छानिवृत्ती घ्या. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नसेल तर भेदभावाची तक्रार करता येत नाही. केली आणि सिद्ध झाली नाही तर तुरुंगवास. खाजगी नोकरीला कायदाच लागू नाही. आणि तक्रार करणारे निम्मे बोगस असतात.

हा मेसेज माझ्या मामांपर्यंत पोहोचला. मामा सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत आणि त्यांची नजर झपाट्याने अधू होते आहे. साहेबांनी आधीच ‘तुमचं काय ते ठरवा’ म्हणून सुनावलं होतं. मेसेज वाचून मामांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवला. मामीने वेळेत फोन केला म्हणून आम्हाला कळलं. असे अर्ज आज किती घरांत लिहिले जात असतील, या विचाराने संताप होतो.

सगळ्यात घातक आहे ते पहिलंच वाक्य. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 20, पोटकलम 4 काढून वाचा. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यायचं. तसं पदच नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवायचं. ‘आमच्याकडे जागा नाही’ या सबबीचा बंदोबस्त कायद्याने आधीच केलेला आहे.

हे काल-परवाचंही नाही. 1995 च्या कायद्यात हेच संरक्षण कलम 47 मध्ये होतं. कुणाल सिंग नावाच्या कॉन्स्टेबलचा पाय सेवेत असताना झालेल्या दुखापतीमुळे कापावा लागला आणि खात्याने त्यांना अपात्र ठरवून घरी बसवलं. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. रुग्णता निवृत्तिवेतन (शरीर काम करण्यास असमर्थ झालं म्हणून मिळणारं पेन्शन) दिलंय ना, मग संरक्षण कशाला, हा सरकारी युक्तिवादही न्यायालयाने फेटाळला. अशा माणसाची नोकरी गेली तर त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी माणसं भोगतात, हेही त्या निकालात लिहिलं आहे. वीस वर्षांहून अधिक काळ हा निकाल उभा आहे, आणि लोकांना अजून ‘मानाने जा’ सांगितलं जातंय! कार्यालयाने काढलं तर भांडायला हे कलम आहे. स्वतःच्या सहीने स्वेच्छानिवृत्ती मागितली तर तो हक्क आपल्याच हाताने अवघड करून ठेवला. म्हणून तसल्या अर्जावर सही करू नका. ‘कलम 20(4) प्रमाणे पर्यायी पद द्यावे’ असा अर्ज द्या, तो आवक शाखेत नोंदवा आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही.

आता चाळीस टक्के. ती अट मुख्यतः आरक्षणाची आहे. कलम 20(4) मध्ये नुसतं ‘अपंगत्व’ म्हटलंय, टक्केवारी नाही. विकास कुमार या परीक्षार्थीच्या प्रकरणात वैद्यकीय तपासणीत अपंगत्व अवघं 6 टक्के निघालं होतं. तरीही 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परीक्षेत लेखनिक घेण्याचा हक्क दिला. वाजवी सोय, म्हणजे अपंगत्वामुळे लागणारी मदत किंवा बदल, मागायला चाळीस टक्के गाठावे लागत नाहीत.

तुरुंगाची धमकी तर शुद्ध भीती पसरवणारी आहे. 2016 च्या कायद्यातल्या कलम 91 मधली दोन वर्षांपर्यंतची शिक्षा दिव्यांगांसाठीचे लाभ फसवणुकीने लाटणाऱ्याला आहे. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून कोणाला आत टाकण्याची तरतूद त्यात नाही.

खाजगी नोकरीबद्दल मात्र मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. 20(4) चं संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे, आणि कामाचं स्वरूप पाहून सरकार काही आस्थापनांना अधिसूचनेने सूटही देऊ शकतं. पण ‘सरकारी आस्थापना’ म्हणजे फक्त मंत्रालय आणि तहसील कचेरी नव्हे. महामंडळं, महापालिका, जिल्हा परिषदा, सरकारी कंपन्या आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही त्यात येतात. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांनी हे नीट लक्षात ठेवावं. निव्वळ खाजगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावंच लागतं.

बोगस दाखले निघतात, नाही असं नाही. ते काढणाऱ्यांवर खुशाल गुन्हे नोंदवा. पण ‘निम्मे’ हा आकडा आणला कुठून? मामांची नजर तपासायला कोणी आलं नव्हतं, तरी संशय त्यांच्यावरच.

तक्रार कुठे करायची, हे त्या लांबलचक मेसेजमध्ये कुठेच नाही. प्रत्येक सरकारी आस्थापनेत कलम 23 प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे, आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जा. त्याशिवाय पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तुमच्या कार्यालयात तो अधिकारी नेमलेलाच नसेल, तर तक्रारीचा पहिला मुद्दा तोच लिहा.