ग्रेसी पळाली म्हणे!

ग्रेसी फील्ड्सचं नाव निघालं की एक शेरा ठरलेला असतो: १९४० मध्ये युद्ध अंगावर येताच ही ब्रिटनची महागडी गायिका-नटी इटालियन नवरा आणि पैसा घेऊन अमेरिकेला पळाली. वर तिचा गाजलेला चित्रपट 'सिंग ॲज वी गो' (१९३४) म्हणजे नुसता ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावरचा धांगडधिंगा.

ती गेली, हे खरं. पण नवरा मॉन्टी बँक्स, मूळचा मारियो बियांकी, इटलीचा नागरिक. १० जूनला मुसोलिनी युद्धात उतरला आणि ब्रिटनमधल्या इटालियनांची धरपकड सुरू झाली. त्यांना कॅनडाला नेणारं 'अरँडोरा स्टार' जहाज २ जुलैला पाणबुडीने बुडवलं, शेकडो इटालियन मेले. अशा वेळी कुठली बायको नवऱ्याला तिथे ठेवील?

पैशाचं म्हणाल, तर हॉलिवूडच्या फॉक्स कंपनीचा तो डोळे दिपवणारा करार १९३८ चा, युद्धाच्या आधीचा. ती आधी गेली कॅनडात, आणि तिथे बाई गावोगाव गात होती ती नेव्ही लीग या नौदलाला मदत करणाऱ्या संस्थेच्या निधीसाठी.

भित्री? १९३९ मध्ये कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी ती फ्रान्समध्ये सैनिकांपुढे उभी. १९४१ ला मायदेशी येऊन कारखान्यांत, छावण्यांत गायली. १९४५ मध्ये तर थेट पॅसिफिकमधल्या बोगनव्हिल बेटावर.

आता तो धांगडधिंगा. चित्रपटाची कथा इंग्रज लेखक जे. बी. प्रीस्टली यांची, आणि ती सुरू होते गिरणी बंद पडण्यापासून! लँकेशर या इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या भागात तेव्हा हे रोजचंच होतं. (आपल्या परदेशी कापडावरच्या बहिष्काराचाही त्यात थोडा हात होता, १९३१ मध्ये गांधीजी लँकेशरमधल्या डार्वेनला गिरणी कामगारांना भेटले ते त्यासाठीच.) बेकार झालेली ग्रेस प्लॅट सायकलवर टांग मारून ब्लॅकपूल गाठते आणि मिळेल ते काम धरते: खाणावळीत वाढपी, जत्रेत जादूच्या खेळातली बाई. आपण हसतो, पण प्रत्येक विनोदाखाली एक गेलेली नोकरी असते. ग्रेसीला हे शिकवावं लागलं नसणार. रॉचडेलला चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत जन्मलेली ही मुलगी लहानपणी स्वतः गिरणीत अर्धवेळ राबली होती.

शेवटी गिरणी पुन्हा सुरू होते, गाणं म्हणत कामगारांचा लोंढा आत शिरतो, ग्रेस सर्वांत पुढे. नायक मात्र मैत्रिणीला मिळतो. ग्रेसला मिळते ती नोकरी.