‘रीसेट करा’ असं आमच्याच माणसाने सांगितलं होतं

नमस्कार काकू,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो असतो तर भांडण झालं असतं. म्हणून आधी ऑफिसातलं तक्रारींचं रजिस्टर काढलं, सोमवारी तुमच्याकडे आलेल्या मुलाशी बोललो आणि आज लिहितोय. बाकीचेही वाचणार, त्यामुळे तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आमच्याकडून इंटरनेटचं नवं कनेक्शन घेतलं, मुलगा दहा मिनिटांत राउटर लावून पळाला. शनिवारी नेट गेलं, फोनवर सांगितलं तसं केलं तर होतं तेही गेलं, आणि सोमवार दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. शिवाय १०० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन घेऊन बेडरूममध्ये ३० सुद्धा मिळत नाही, नातीचा व्हिडिओ कॉल अडकतो. एक स्टार.

शनिवारची चूक सरळसरळ आमची आहे. त्या संध्याकाळी गल्लीत मंडपाचे बांबू चढवताना दोन इमारतींमधून जाणारी आमची फायबर तुटली. गिरगावात गणपतीच्या आधी हे एकदा तरी होतंच. मंडळाची पोरं आपलीच, त्यांना काय बोलणार. फायबर तुटली की राउटरच्या शेजारी जो छोटा पांढरा डबा असतो, त्यावरचा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल होतो. म्हणजे बाहेरून सिग्नलच येत नाही, घरात बसून काहीही केलं तरी उपयोग नाही. फोनवरच्या मुलाने एवढंच विचारायला हवं होतं, की काकू, लाल दिवा दिसतोय का? ते न विचारता तो म्हणाला, ‘राउटर रीसेट करून बघा.’ त्याला म्हणायचं होतं, स्विच बंद करून परत चालू करा. आमच्या धंद्यात सगळे असंच बोलतात, मीही बोलतो. तुम्ही मात्र राउटर उलटा केलात, ‘रीसेट’ लिहिलेलं बारीक भोक शोधलंत आणि साडीच्या पिनेने आतलं बटण दहा सेकंद दाबून धरलंत. सांगितलं ते शब्दशः केलंत, यात तुमचं काय चुकलं?

ते बटण दाबून धरलं की राउटर खोक्यातून काढल्यासारखा कोरा होतो. आम्ही त्यात भरलेला तुमच्या कनेक्शनचा युजरनेम आणि पासवर्ड पुसला जातो, वायफायला ठेवलेलं नावही जातं. त्यामुळे रात्री फायबर जोडली तेव्हा अख्ख्या इमारतीत नेट आलं आणि तुमच्या मोबाइलवर राउटरच्या बुडाशी छापलेलं भलतंच नाव दिसत राहिलं. वायफाय आहे, इंटरनेट नाही. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र ‘लाइन क्लिअर’ लिहून तक्रार बंद. रविवारी तुमचे तीन कॉल नुसते वाजले, कारण फोनवर बसणारा एकटा मुलगा दुसरीकडे जोडणीला गेला होता. हे कारण झालं, सबब म्हणून देत नाही. प्लॅनची तारीख तीन दिवस पुढे केली आहे.

दहा मिनिटांचंही तुमचं बरोबर आहे. राउटर लावायला तेवढीच लागतात, पण समजावून सांगायला अजून पंधरा लागतात आणि ती त्याने वाचवली. वर वायफायचा पासवर्ड तुमचा मोबाइल नंबरच ठेवला. अर्ध्या मुंबईत हेच चालतं, शेजाऱ्याला पहिल्याच फटक्यात जमतं. राउटरच्या सेटिंगचं पान, ते १९२.१६८.०.१ वालं, तेही ‘अ‍ॅडमिन’ या कंपनीच्याच पासवर्डवर सोडलं होतं. सोमवारी दोन्ही बदलले. नवे पासवर्ड तुमच्या डायरीत लिहून दिलेत, कृपा करून ते राउटरवर चिकटवू नका.

आता स्पीड. इथे मी थोडं भांडणार. मुलगा राउटर हॉलमध्ये उंचावर लावत होता. पाहुण्यांना वायर दिसायला नको म्हणून तुम्ही तो टीव्हीखालच्या कपाटात ठेवायला लावलात, दार बंद. पुढे आपल्या जुन्या इमारतीची जाडजूड भिंत आणि तिला टेकून लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय वेगवान असतं, पण भिंतीला लगेच हार मानतं. मग मोबाइल राउटरच्याच दुसऱ्या, २.४ च्या वायफायवर जातो. ते भिंत ओलांडतं, पण तिथे एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि तुमच्या बेडरूममध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीसेक वायफाय दिसतात, सगळ्यांची गर्दी त्याच तिघांत. सोमवारी राउटरजवळ ९४ आलं, बेडरूममध्ये २८. राउटर टीव्हीच्या कपाटावर ठेवला तेव्हा बेडरूममध्येच ४६ आलं. तुम्ही तो परत आत ठेवायला लावलात! व्हिडिओ कॉलला चार-पाचही पुरतं हो, तो अडकतो ते सिग्नल मध्येच तुटतो म्हणून. अर्थात कपाटात ठेवला तर काय होईल हे पहिल्याच दिवशी सांगणं आमचं काम होतं.

बेडरूममध्ये पूर्ण स्पीड हवा असेल तर हॉलमधून भिंतीच्या कडेने वायर नेऊन आत दुसरा राउटर लावावा लागेल. वायर आणि मजुरी आमच्याकडून. मुलीचा जुना राउटर माळ्यावर पडलाय असं म्हणाला होतात, तो चालला तर नवा घेऊ नका. शनिवारी सकाळी अकराला मी स्वतः येतो, जमत नसेल तर ऑफिसात कळवा. रीसेटच्या भोकावर मुलाने चिकटपट्टी लावली आहे, तोवर ती तेवढी काढू नका.