समाजमंदिरातल्या नाचाबद्दल खुलासा

‘समाजमंदिरात पोरंपोरी अंगाला अंग लावून अश्लील नाच शिकतात,’ हा मेसेज परवापासून गावात फिरतोय. तो खोटा आहे. माझी मुलगी तिथे जाते. मी दोन रविवार भिंतीशी बसून सगळं पाहिलं.

याला कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. १९७२ साली अमेरिकेत स्टीव्ह पॅक्सटन या नर्तकाने ते सुरू केलं. तो आयकिडो ही जपानी युद्धकलाही शिकलेला होता. पाठीला पाठ टेकवायची, एकमेकांचा भार तोलायचा, न लागता पडायचं. स्पर्श होतो, हे खरं. कापसाचं गाठोडं दोघांनी बंडीवर चढवताना जसा एकमेकांच्या जोराचा अंदाज घेतो, तसा. नको वाटलं तर कोणीही बाजूला होतो, ‘का’ म्हणून कोणी विचारत नाही.

शंका असेल त्यांनी येऊन बघा, दार उघडंच असतं. पण मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. पोरींना एसटी स्टँडवर बोलणी ऐकावी लागताहेत.