लॉकडाउनमध्ये नद्या आपोआप शुद्ध झाल्या, हे खरं नाही

2020 मधले यमुनेच्या निळ्या पाण्याचे फोटो अजूनही अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. सोबतच्या मजकुराचा आशय असा: दोन महिन्यांच्या टाळेबंदीत देशातल्या नद्या आपोआप शुद्ध झाल्या, हजारो कोटी खर्चून सरकारला जमलं नाही ते निसर्गाने फुकटात केलं. दोष फक्त कारखान्यांचा. ते दरवर्षी महिनाभर बंद ठेवा आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवरची उधळपट्टी थांबवा.

हेतू चांगला असेल, पण हा सल्ला मानला तर नद्या आणखी बिघडतील.

‘सगळ्या नद्या शुद्ध झाल्या.’ केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या काळात 19 नद्यांचं पाणी तपासलं. स्पष्ट सुधारणा दिसली ती सात नद्यांत. त्यात यमुना, गोदावरी, कृष्णा होत्या, गंगा नव्हती. यमुनेतही त्या वसंतात अवेळी पाऊस पडला होता आणि नदीला नेहमीपेक्षा बरंच जास्त पाणी होतं. घाण तेवढीच राहिली आणि पाणी वाढलं तरी तपासणीतला आकडा खाली येतो.

‘पाणी नितळ दिसत होतं.’ नितळ म्हणजे गाळ कमी, एवढंच. विष्ठेतले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडचा निकष आहे 100 मिलिलिटरमध्ये असे जास्तीत जास्त 2500 जंतू, आणि तो ओलांडलेलं पाणीही काचेसारखं असू शकतं. पटकीचे जंतू असलेलं पाणी लोक नितळ म्हणूनच पितात. मला या मेसेजमधला सगळ्यात धोकादायक भाग हाच वाटतो, कारण फोटो पाहून कुणी ते पाणी लहान मुलाच्या तोंडाला लावू शकतं.

‘दोषी फक्त कारखाने.’ कारखाने दोषी आहेतच. रंग, आम्लं, जड धातू नदीत जातात, तळाच्या गाळात बसतात आणि महिनाभराच्या बंदने तिथून हलत नाहीत. पण नदीतला प्राणवायू संपवण्यात सगळ्यात मोठा वाटा आपल्या घरांतून निघणाऱ्या मैलापाण्याचा आहे. मंडळाच्याच 2020-21 च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता 31,841, आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं 20,236. म्हणजे शंभरातले जेमतेम 28. बाकीचं नाल्यात, नाल्यातून नदीत. टाळेबंदीत माणसं घरातच होती. संडास आणि मोऱ्या एक दिवसही बंद नव्हत्या.

‘निसर्ग स्वतः शुद्ध करतो.’ करतो, पण त्याला मर्यादा आहे. पाण्यातले जिवाणू मैला खातात आणि त्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात. प्रवाह भरपूर असेल, मैला थोडा असेल, तर काही अंतर गेल्यावर नदी सावरते. आपण मात्र पाणी वरच धरणांत अडवतो आणि उन्हाळ्यात शहराखालच्या पात्रात नाल्यांचंच पाणी उरतं. दिल्लीतला वजीराबाद ते ओखला हा यमुनेचा 22 किलोमीटरचा टप्पा नदीच्या लांबीच्या दोन टक्केही नाही, तरी तिच्या एकूण प्रदूषणापैकी सुमारे 80 टक्के भार तिथेच पडतो. तिथे सावरायला नदीला जागाच उरत नाही.

‘महिनाभर बंद ठेवा.’ तमिळनाडूतल्या तिरुप्पूरचे रंगाई कारखाने 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले. हजारोंचा रोजगार अडला. पुढे ते चालू झाले ते सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर. इलाज त्या अटीत आहे, आणि ती वर्षाचे बाराही महिने पाळावी लागते.

‘शुद्धीकरण म्हणजे उधळपट्टी.’ केंद्रं बांधून ती बंद पडू देणं ही उधळपट्टी आहे, आणि त्याबद्दलचा राग मलाही आहे. विजेचं बिल, पंपांची देखभाल, नाल्यापासून केंद्रापर्यंतची वाहिनी, यांतलं एक चुकलं की कोट्यवधींचं काँक्रीट नुसतं उभं राहतं. पण नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं आणि तेवढं धरणाचं पाणी वाचतं. सुरत महापालिका असं पाणी पांडेसराच्या कारखान्यांना विकते. गटारवाहिन्या नसलेल्या छोट्या गावांसाठी तर वाई आणि सिन्नरचं उदाहरण पाहावं: तिथे घरांच्या सेप्टिक टाक्या तुंबायची वाट न पाहता पाळीपाळीने उपसल्या जातात आणि तो मैला प्रक्रियेला नेला जातो. खर्च मोठ्या केंद्रापेक्षा कितीतरी कमी.

मंडळाने 2022 मध्ये देशातल्या नद्यांचे 311 प्रदूषित पट्टे नोंदवले. त्यातले 55 महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. तो मेसेज पुढे पाठवण्याऐवजी आपल्या नगरपालिकेला माहितीच्या अधिकारात तीन आकडे विचारा: रोज किती सांडपाणी तयार होतं, किती शुद्ध करायची क्षमता आहे, आणि गेल्या महिन्यात प्रत्यक्षात किती शुद्ध झालं.